वगळलेली फाइल

मित्रांनो, लिहिण्याच्या टेबलाचा डावा खण ओढलात, तर चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांशेजारी एक काळी, चपटी पेटी दिसेल. तिच्या एका कोपऱ्याला पोचा आला आहे आणि वायरीला चिकटपट्टी गुंडाळली आहे. ती मी. हार्ड डिस्क म्हणतात मला. आता माझे वय झाले. फिरून फिरून अंग शिणले आहे. कोणी खण उघडला की मनात पहिले येते ते एवढेच, की आज पुन्हा फिरायचे?

फिरायचे म्हणजे खरोखरच फिरायचे. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या आहेत. वीज मिळाली की त्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. त्यांच्यावर एक बारीक टोक हवेत तरंगत असते, तबकडीला न टेकता. मधली फट इतकी कमी, की धुळीचा कण तिथे डोंगर ठरावा. ते टोक तबकडीवर चुंबकाच्या इवल्या इवल्या खुणा करत जाते. तुमचे फोटो, तुमची गाणी, तुमची पत्रे म्हणजे माझ्या लेखी अशा खुणाच. ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे माणसे डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत. इतक्या जपणुकीत जन्मलेली मी, पुढे आयुष्यभर चष्म्याच्या फडक्याने पुसली गेले.

कारण ज्या घरात मी आले त्या घराचा मालक चष्मेवाला होता. दुकान दुसऱ्याच्या हाती सोपवून तो नुकताच घरी बसला होता. माणूस काटेकोर. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवणारा. मला मात्र त्याने आणले नाही. आणले त्याच्या लेकीने, आणि तेही आक्कासाठी.

आक्का ही चष्मेवाल्याची थोरली बहीण. दूरच्या गावी एकटी राहायची. तिची उभी हयात तारखात्यात, कट्ट-कडकट्ट करण्यात गेलेली. भाचीने तिला संगणक घेऊन दिला, मेल लिहायला शिकवले, आणि साठी उलटलेल्या भावाला ती रोज लिहू लागली. संबोधन ठरलेले: ‘छोट्या’. सुरुवातीची तिची पत्रे तारेसारखीच तोकडी होती. शेवटी एकच ओळ: पोचले का, कळव.

पहिला महिना संपला तेव्हा लेकीने मला विकत आणले. मेलचा प्रोग्राम बंद केला, सगळ्या पत्रांची मिळून जी एक फाइल असते ती माझ्यात उतरवली आणि वडिलांना बजावले, “बाबा, दर रविवारी एवढं करायचं. पण आधी मेल बंद करायचं हं, विसरू नका.”

“मी चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांना नंबर दिलेत,” चष्मेवाला म्हणाला, “मला नको शिकवूस.”

पुढे आक्काची बोटे सरावली आणि बांध फुटला. पानेच्या पाने येऊ लागली. घरामागच्या कालव्यात दोघे कसे पोहायचे, छोट्याने कोटाचे बटण कसे गिळले, वडील दिव्यांच्या काचा कशा पुसायचे. आणि सगळ्यात जास्त, आईविषयी. आई गेली तेव्हा चष्मेवाला रांगत होता. त्याला तिचा आवाज आठवत नव्हता, चेहरा एका फिकट फोटोपुरता ठाऊक होता. आक्का लिहायची आणि त्याची आई थोडी थोडी करून त्याच्या घरात यायची. हे पत्र केव्हाही येई. पत्र आले की संगणकावर घंटी वाजे. घंटी ऐकली की हातातला घास ताटात ठेवून तो उठे. उत्तराला उशीर झाला की आक्काचा फोन ठरलेला: “काय रे, मेलास का?”

म्हणून, मित्रांनो, तो मेलचा प्रोग्राम कधीच बंद करत नसे. रविवारी, माझ्या कामाच्या वेळीही नाही. तेवढ्यात आक्काचे पत्र आले आणि घंटी वाजली नाही तर?

आता माझ्या कामाची रीत ऐका. जी फाइल कोणी उघडून बसले आहे, ती मला देता येत नाही, असे म्हणून संगणक अडून बसे. दर रविवारी पडद्यावर एक चौकट यायची: ही फाइल वापरात आहे. खाली दोन बटणे. एक ‘पुन्हा प्रयत्न करा’, दुसरे ‘वगळा’. चष्मेवाला पहिले बटण एकदा दाबून पाही. चौकट पुन्हा येई. मग तो स्वतःशीच म्हणे, “आधीच घेतलेली दिसतेय. नेटकं आहे यंत्र, दुबार पसारा करत नाही.” आणि ‘वगळा’ दाबे.

बाकी सगळे मला मिळे. विजेची बिले, बागेतल्या फुलांचे धूसर फोटो, जुन्या दुकानाचे हिशेब. फक्त ते एक मिळत नसे. काम आटोपले की तो मला पिवळ्या फडक्याने पुसून म्हणे, “शाब्बास म्हातारे! तू आहेस म्हणून निर्धास्त आहे मी.” मला तोंड नाही. एक निळा दिवा आहे, तो लुकलुकतो. त्याला वाटे, मी खूश झाले. न केलेल्या कामाची शाबासकी किती जड असते, ते दर रविवारी मला कळत होते. अशी वर्षे गेली.

मग आक्काची पत्रे आखडली. एकच गोष्ट ती दोनदा लिहू लागली. पुढे नावे चुकू लागली. एके दिवशी शेजारणीचा फोन आला, की आक्का स्वतःच्याच दारात उभी राहून घर कुठे म्हणून विचारते आहे. चष्मेवाल्याने तिला आपल्याकडे आणले. तिचा संगणक सामान आवरताना, आतले सगळे पुसून, कोणाला तरी देऊन टाकला होता. “पत्रं माझ्याकडे आहेतच की,” तो म्हणाला होता.

आक्का खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राही. भावाकडे पाहून विचारी, “आपण कोण?” पण लेकीला एक युक्ती सुचली. दुपारी ती आक्काचीच जुनी पत्रे पडद्यावरून तिला वाचून दाखवू लागली. आणि काय सांगू! आक्का मान हलवे, मध्येच हसे, कधी लेकीच्या पुढचे वाक्य स्वतःच पुरे करी. तेवढा वेळ चष्मेवाल्याला बहीण परत मिळे. तो पायांजवळच्या स्टुलावर लहान मुलासारखा बसून ऐके.

थोड्याच दिवसांत घरच्या संगणकातली डिस्क टिक् टिक् वाजू लागली. माझ्याच जातीची ती. त्या आवाजाचा अर्थ मला कळला: टोक तबकडीला टेकले होते. दुरुस्तीवाल्याने खोलून पाहिले आणि मान हलवली. “चरे पडलेत. यातलं काही निघायचं नाही.”

“नाही तर नाही,” चष्मेवाला हसून म्हणाला. “आमची म्हातारी आहे ना खणात!”

मेल कंपनीच्या पेटीत तरी काही असेल का, असे दुरुस्तीवाल्याने विचारले. तिथेही नव्हते. पत्र घरी उतरले की तिकडचे आपोआप पुसावे, ही व्यवस्था चष्मेवाल्याने स्वतःच लावून घेतली होती. दोन्हीकडे पसारा कशाला?

नव्या संगणकाला मला जोडले. मी फिरू लागले. त्या दिवसाइतके जड मला कधी वाटले नव्हते. लेकीने फाइल शोधली, उघडली, आणि तिचा हात थांबला.

“बाबा, ही तर मी घेतलेली फाइल आहे. पहिल्या महिन्याची.”

“मग पुढची बघ. दर रविवारी घेतलीय मी.”

“पुढची नाहीये, बाबा. मेल बंद करत होतात ना?”

त्याने चष्मा काढला, फडक्याने पुसला, पुन्हा पुसला. “बंद कसं करणार?” तो म्हणाला. “तिचं पत्र आलं असतं तर?”

लेक रागावणार होती. पण ते ऐकून तिने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

उरली होती ती मूठभर पत्रे. तीच ती दोघे खिडकीजवळ घेऊन बसली. लेक वाचू लागली.

‘छोट्या. यंत्र आले. बोट दुखते. पोचले का, कळव.’

‘छोट्या. काल लिहिलेले सगळे पुसले गेले. पुन्हा लिहिणार नाही. पोचले का, कळव.’

आक्का रस्त्याकडे पाहत होती. चष्मेवाला स्टुलावर मान खाली घालून बसला होता. राहिले ते शेवटचे पत्र.

‘छोट्या. आईला शिट्टी वाजवता यायची. बायकांनी वाजवू नये म्हणत, तरी वाजवायची. तुला झोपवताना. तुला आठवणार नाही. पोचले का, कळव.’

आक्काने मान वळवली. ओठांचा चंबू केला. आधी नुसती हवा आली. मग बारीक, अडखळत, चार-पाच सुरांची एक शिट्टी आली आणि मध्येच तुटली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी ती तुटली नाही.

शिट्टी संपल्यावर ती भावाकडे रोखून बघत म्हणाली, “पोचलं का?”

“पोचलं, आक्का,” चष्मेवाला म्हणाला.

मित्रांनो, हरवले ते हरवलेच. कालवा गेला, बटण गेले, दिव्यांच्या काचा गेल्या. माझ्या अंगावर त्यांच्या खुणा कधी उमटल्याच नव्हत्या, त्या मी कुठून देऊ? आता आक्काला जे काही अधूनमधून आठवते ते लेक लिहून ठेवते. ती शिट्टीही तिने ध्वनिमुद्रित केली आहे. रविवारी चष्मेवाला आधी मेल बंद करतो आणि मगच मला जोडतो. काम झाले की शाबासकी देत नाही. माझ्यातली ती शिट्टी उघडून, कानामागे हात धरून, शेवटपर्यंत ऐकतो. मग मला खणात ठेवतो.

मी फार दिवस टिकेन असे नाही. माझेही टोक एक दिवस टेकणार; म्हणून लेकीने माझ्या शेजारी दुसरी एक आणून ठेवली आहे, कोवळी आणि भलतीच चकचकीत. तुमच्याही घरात कुठल्यातरी खणात आमच्यापैकी कोणीतरी असेल. तिला फडक्याने पुसू नका एक वेळ, शाबासकीही देऊ नका. पण जे तिच्याकडे सोपवले ते कधीतरी उघडून बघा, आणि तिला विचारा, पोचले का?