कोर्ट पाडल्यावरचा पुकारा

“बाबा, पट्टा तेवढा नीट बांधा, गिऱ्हाइकं यायला लागली,” मुलगा म्हणाला. पट्टेवाल्याने पट्टा आवळला, पण नाक मुरडूनच.

कारणही तसंच होतं. भर शहरातलं जुनं कोर्ट पाडलं आणि त्याचं दगडलाकूड विकत घेऊन एका दीडशहाण्याने हे ‘कचेरी’ नावाचं हॉटेल थाटलं. मुलगा इथे नवाच मॅनेजर लागलेला. “तुझे वडील कोर्टात पुकारा करायचे ना? आण की त्यांना,” मालकाने फर्मावलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

जन्मभर पट्टेवाल्याने पक्षकारांची नावं पुकारली होती. कोर्टाला लांबलचक कमानींचा व्हरांडा होता. बांधणाऱ्याने तो असा बांधला होता की मधल्या कमानीत साध्या आवाजात नाव घेतलं, तरी फाटकाशी बसलेल्याला ऐकू जाई. ओरडायचं नाही, हा तिथला रिवाज. कोर्टाची पायरी चढून आधीच अर्धमेला झालेला माणूस, त्याच्यावर आणखी काय खेकसायचं?

इथे तोच व्हरांडा दगड न् दगड जुळवून पुन्हा उभारला होता, तरी मालकाने हातात माइक कोंबला. टेबल रिकामं झालं की गिऱ्हाइकाचं नाव तीनदा पुकारायचं. गिऱ्हाइकाने ‘हजर’ म्हणून खिदळत आत यायचं. शी! आणि आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा? त्यावर दारूचे ग्लास मांडलेले.

“आजोबा, मला जन्मठेप द्या ना,” त्यावर रेलून फोटो काढणारी एक पोरगी म्हणाली.

पोराची शिक्षा ऐकून एका आईने हाच कठडा घट्ट धरला होता. तिची बोटं सोडवायला पट्टेवाल्यालाच पुढे व्हावं लागलं होतं.

त्याने माइक खाली ठेवला. “मला नाही जमायचं हे.”

“बाबा, माझी नोकरी जाईल.”

“किळस येते रे मला.”

“मला येत नाही? पण घर कोण चालवणार?”

त्याने पट्टा सोडून मुलाच्या हातात दिला, बाहेर पडला आणि गटारात थुंकला.

रस्ता ओलांडतो न ओलांडतो तोच मागून, मधल्या कमानीतून पुकारा आला. तीनदा. माइक नाही, ओरडणं नाही, शब्द न् शब्द सुटा. पुकारणारा मुलगा होता, पण आवाज हुबेहूब बापाचाच.

पट्टेवाला तिथेच थबकला. आत कुणीतरी ‘हजर’ म्हणालं आणि लोक हसले, तेही त्याला स्पष्ट ऐकू आलं.