बटणं तोडलेल्या कोटाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना फौजी कोट आहे. जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत पोचणारा, एका कोपराला ठिगळ असलेला. गोड बोलणं माझ्या स्वभावात नाही. माझी बटणं एकाने कापून नेली होती आणि मी त्याचा सूड घेतला, ती ही गोष्ट आहे.

उत्तरेकडच्या एका छावणीत शिंप्याने मला शिवलं आणि मी आण्णांच्या अंगावर चढलो. आण्णा आमच्या सातारा जिल्ह्यातले, पलटणीत हवालदार. बर्फात मी त्यांना ऊब दिली आणि त्यांनी मला मान दिला. माझी पितळी बटणं ते दर रविवारी चिंचेच्या कोळाने घासत आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच्या मिशीवरून हात फिरवत. पेन्शनीत निघाल्यावर शिरवळच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी पहारा केला. तेव्हाही मीच त्यांच्या अंगावर होतो. शेवटी ते सांगलीला लेकीकडे, दीपमालाकडे राहायला आले. ती शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी पोरापोरींना जमवून नाटकं करायची.

तिच्या नाटकांना लिहिलेली वही नसायची. प्रत्येकाने आपापला माणूस घडवून आणायचा, त्याचं नाव, काम, खोड सगळं स्वतः ठरवायचं, आणि मग ती सगळी माणसं मिळून आयत्या वेळी सुचेल तसं बोलायची. जत्रेत, जयंतीच्या मंडपात, कुठेही. आण्णा जाण्यापूर्वी मला दीपमालाच्या हाती देत म्हणाले, "ह्यो तुझ्या पोरास्नी घाल. पर बटनं जप, पोरी. माझा जलम त्यात हाय."

तेव्हापासून नवा येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी मला घालू लागला. त्या दिवशी चहाची परीक्षा असायची. कृष्णेच्या घाटाजवळ एक टपरी होती. तिथे नव्या भिडूने आपल्या पात्राच्या कातडीत शिरून बाकीच्या पात्रांबरोबर चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत सगळे बोलते झाले तर नवा पास. सगळे गप्प बसले तर नापास, मग तुमचं पात्र कितीही देखणं असो.

मी काय काय नमुने पाहिले म्हणून सांगू! एकाने नुकत्याच लागलेल्या सिनेमातला नायक उचलून आणला आणि फक्त नाव बदललं. त्याने तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य टपरीवाल्यानेच म्हणून दाखवलं. एकीच्या पात्राचे आई, बाप, भाऊ आणि कुत्रा असे सगळे पहिल्या घोटाआधीच वारले. इतकं रडून झाल्यावर तिला विचारायचं तरी काय? पण कुणालचा कंडक्टर आला तेव्हा मजा आली. त्याला शिट्टी वाजवता येत नव्हती, त्यामुळे एसटी मागे घेताना जो तो त्याच्या मदतीला धावायचा. दीक्षाची साळूमावशी कुणाचीही गोष्ट पुरी ऐकायच्या आधीच निकाल द्यायची, म्हणून सगळे तिच्याशी भांडायला टपलेले असायचे. अशी माणसं मला आवडायची. त्यांच्या अंगावर मी नीट बसायचो.

मग आला पुष्कर. हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पाचगणीला शिकून आलेला. त्याच्या पात्राचं नाव सुभेदार रणधीर. सुभेदार एकटाच लढाई जिंकायचा, गायचा, नाडी बघायचा आणि घोड्यालाही त्याच्या शब्दाबाहेर जाता यायचं नाही. बरं, हे सगळं पुष्करने घरी पाठ करून आणलं होतं. मला अंगात घालून तो टपरीवर छाती काढून बसला.

"च्यात साखर न्हाई," साळूमावशी म्हणाली.

"माझ्या खिशात आहे," सुभेदार म्हणाला.

"आमची गाडी बंद पडलीया गड्या," कंडक्टर म्हणाला.

"मी येता येता दुरुस्त केली."

कंडक्टरने मावशीकडे पाहिलं, मावशीने कपाकडे. आणखी दोघांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कपावर साय धरली तरी कुणाला पुढे काही सुचेना.

दीपमालाने शांतपणे विचारलं, "पुष्कर, तुझ्या सुभेदाराला काय येत नाही?"

"सगळं येतं, बाई."

"मग तो आमच्यात कशाला येतोय? त्याला कुणाची गरजच नाही. घरी जा, विचार कर. माणूस हाच ठेव, पण आम्हांला आत शिरायला कुठंतरी फट ठेव. कोट घेऊन जा, घालून बस."

त्याने तिचं ऐकलं असतं तर माझी ही गोष्ट घडलीच नसती. पण नाचता येईना, अंगण वाकडं! त्याला वाटलं, दोष माझा आहे. घरी येऊन आरशासमोर तो म्हणाला, "या फाटक्या कोटात कुठला सुभेदार दिसणार?" आणि त्याने कात्री आणली. मित्रांनो, आण्णांनी जन्मभर घासलेली बटणं त्याने एकेक करून कापली. शिंप्याकडून नवा लाल मखमली कोट शिवून घेतला आणि त्याला ती लावली. मला त्याने हळदीच्या गोदामात पोत्यांवर भिरकावलं.

तिथे मला कुणी हाक मारणारं नव्हतं. नाथाजी नावाचा हमाल माझ्या बाहीला हात पुसायचा. तो भला माणूस, त्याच्यावर माझा राग नाही. पोती हलली की हळद उडायची आणि माझ्यावर बसायची. बटणांच्या जागी लोंबणारे दोरे उंदरांनी कुरतडले. मी मनाशी म्हटलं, पुष्कर, तू मला हळदीत टाकलंस ना? मग हीच हळद तुला लागेल. तेव्हापासून उडालेला एक कणही मी खाली पडू दिला नाही. अस्तरात, शिवणीत, खिशाच्या तळाशी, सगळीकडे दाबून ठेवला. त्याला चारचौघांत रडताना बघायचं, एवढी एकच इच्छा मला उरली होती.

तासगावकडच्या एका गावी जत्रेत कार्यक्रम ठरला. दीपमालाने पुष्करला आणखी एक संधी दिली. तो मखमली कोट घालून आला.

"आण्णांचा कोट कुठाय?" तिने विचारलं.

"शिंप्याकडे आहे, बाई."

"मग जाऊन घेऊन ये. त्याच्याशिवाय टेम्पोत चढायचं नाही."

तो गोदामात धावला. मला एकदाच झटकलं आणि घेऊन आला. दीपमालाने मला हातात घेतलं. तिचा हात बापाच्या बटणांवरून फिरायला गेला आणि कुरतडलेल्या दोऱ्यांवर थांबला. मग तिने त्या लाल मखमलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती इतकंच म्हणाली, "मखमल काढ. आज तू हाच घालून उभं राहायचं."

जत्रेतल्या फळ्यांच्या मंचावर पुष्कर उभा राहिला. पुढे सारा गाव. त्याने पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "हा सुभेदार रणधीर आजवर कुणापुढे..." आणि जोरात छाती ठोकली.

मी सगळी हळद सोडली.

पिवळा धुरळा उठला. सुभेदार शिंकला, पुन्हा शिंकला, आणि प्रत्येक शिंकेला आणखी धुरळा उडाला. बटणं नव्हती, म्हणून मी फाकलो आणि आतलं भोकाचं बनियन साऱ्या गावाने पाहिलं. बटणं त्यानेच कापली होती, मी फक्त उघडलो. कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळा झालेला सुभेदार पुढचं सगळं विसरला. त्याचे डोळे पाण्याने भरले. मला जे हवं होतं ते होतच आलं होतं.

इतक्यात साळूमावशी कमरेवर हात ठेवून पुढे आली. "आवं सुभेदार, हळद लागली आन् आमाला सांगावा न्हाई व्हय?"

लोक हसले. कंडक्टर म्हणाला, "लगीन सोडून माझ्या गाडीत कवा चढलासा? नवरी कुठं हाय?"

पुष्करने दोघांकडे पाहिलं. पाठ केलेलं त्याच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, "नवरीलाच घाबरून पळून आलोय. मला कुठंतरी लपवा की."

मंच हसण्याने हादरला. मावशी त्याला पदराआड लपवू लागली, कंडक्टर त्याला सीटखाली ढकलू लागला. ज्यांना टपरीवर शब्द सुचत नव्हते, ते आता एकमेकांना बोलू देईनात. मी रागाने नुसता धुमसत होतो. मी त्याला पाडायला गेलो आणि त्याच्या सुभेदाराला माणूस करून बसलो.

कार्यक्रमानंतर तो त्या गावातल्या शाळेच्या पायरीवर बसला. मखमली कोटाची बटणं त्याने उसवली आणि कुणाकडून तरी सुई मागून आणली. दीपमाला शेजारी येऊन उभी राहिली.

"बाई, चुकलं माझं," तो मान खाली घालून म्हणाला.

"ते मला नको सांगू. त्याला सांग," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

त्याने सुईत दोरा ओवला आणि एकेक बटण शिवायला घेतलं. सुई वारंवार त्याच्या बोटात घुसली, आणि त्यात माझा हात नव्हता असं मी म्हणणार नाही. शिवणं त्याला मुळीच येत नव्हतं. सगळी बटणं वाकडी लागली. मला बंद केलं की एक बाजू वर जाते, एक खाली. दीपमालाने ती सरळ करू दिली नाहीत. आता वाकड्या कोटाचा सुभेदार म्हणून लोक त्याला गावोगाव बोलावतात, आणि दर रविवारी चिंचेचा कोळ घेऊन तो माझ्यासमोर बसतो.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिच्यावर आधी कुणाचा हात फिरला होता, हे विचारा. आणि माणूस घडवाल तेव्हा त्याला एखादी तरी गोष्ट येऊ देऊ नका, म्हणजे दुसऱ्यांना त्याच्याजवळ बसता येईल. पुष्कर हे शिकला. पण बटणं परत आली म्हणून मी त्याला माफ केलं, असं समजू नका. तो अजूनही घासताना मला जपून धरतो, कारण त्याला ठाऊक आहे, माझ्या अस्तरात हळद अजून शिल्लक आहे.