सुरू व्हायला लागणारा वेळ

पाणी तपासण्याची ती छोटी प्रयोगशाळा दोघींच्या भागीदारीत होती. नात्यागोत्याचा काही संबंध नव्हता, पण येणारेजाणारे एकीला ताई म्हणत आणि दुसरीला धाकटी. दोघींनाही ते मान्य होतं.

अलीकडे धाकटीचा कॉम्प्युटर सकाळी सुरू होता होत नसे. पडद्यावर ते चक्र गरगरत राही. तेवढ्यात तिच्या काचेच्या नळ्या धुऊन, पुसून, मांडूनही होत.

"म्हातारा झालाय तो, माझ्यासारखा," ताई शेजारच्या खोलीतून म्हणायची. "त्याच्या नादी लागू नकोस. लागतील ते आकडे मी पेन ड्राइव्हवर देते ना तुला!"

पण कारण कळल्याशिवाय धाकटीला चैन पडत नसे. एका सकाळी तिने नेटवर्कची वायर काढून कॉम्प्युटर लावला. पापणी लवते न लवते तोच सुरू झाला. वायर जोडली, पुन्हा रखडला. म्हणजे यंत्र धडधाकट होतं. ते कशाची तरी वाट बघत होतं. सेटिंग उघडल्यावर कशाची तेही कळलं. दोघींच्या आजवरच्या सगळ्या नोंदी ताईच्या कॉम्प्युटरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये होत्या, आणि धाकटीचा कॉम्प्युटर सुरू होताना आधी ते फोल्डर शोधायचा. ताईचा कॉम्प्युटर आता या नेटवर्कवर नव्हताच.

ती ताईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ताई, तुझा कॉम्प्युटर वेगळ्या नेटवर्कवर टाकलायस?"

"व्हायरसबियरस येतात गं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ताईने चष्मा काढून पदराने पुसला. "सांगणारच होते. एका मोठ्या प्रयोगशाळेने बोलावलंय मला. आपल्या नोंदींसकट."

"आणि मी?"

"तुझा विषय काढला होता मी. त्यांना एकच जण हवं होतं." ताईचा आवाज मऊ झाला. "उद्या त्यांची माणसं येतील. आपल्या नोंदींवरचे ते आलेख तेवढे समजावून देशील त्यांना? तूच बसवलेस सगळे, मला कुठे धड जमतात?"

"कुठल्या तोंडाने विचारतेस गं?" धाकटी म्हणाली. "आधी नोंदींची प्रत दे मला."

"आता ते माझ्या हातात नाही."

धाकटी जागेवर परतली. फोल्डर शोधण्याची ती सेटिंग तिने काढून टाकली आणि कॉम्प्युटर पुन्हा लावला. तो लगेच सुरू झाला. काम करायला त्यात काहीच नव्हतं.