नक्कल केलेले संकल्प

वर्षाच्या पहिल्या दिवशी लुआन्श्या या तांब्याच्या खाणींच्या गावातल्या चर्चमध्ये नव्या पाळकांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा कागद दिला. म्हणाले, "गेलं वर्ष आपण सगळे नुसते वाहवत गेलो. यंदा ठरवून जगायचं. काय ठरवलंत ते पाच ओळींत लिहा आणि घरी भिंतीला चिकटवा. डिसेंबरात मी विचारणार आहे."

बऱ्याच जणांनी कागदाच्या घड्या करून त्यांनी वारा घेतला. पण एक्झिल्डाला ते बोलणं आत कुठेतरी लागलं. एकतीस वर्षं तिने खाणीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तिचा दिवस कधी तिचा झालाच नाही. कुणाच्या मुलाला ताप, कुणाच्या सुनेला कळा, कुणाच्या लग्नाआधीची बायकांची मेजवानी. जो तो दारात येऊन "कलुबाची आई" अशी हाक मारी, आणि पुढचं वाक्य यायच्या आत ही "हो" म्हणून मोकळी होई. एकुलती एक मुलगी कलुबा राजधानीत, लुसाकाला असे. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली.

तिने चष्मा पुसला आणि मन लावून लिहिलं. जेवायला खाली बसेन, पातेल्यापाशी उभ्याने खाणार नाही. समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय हो म्हणणार नाही. रोज दुपारी तासभर आंब्याखाली काहीही न करता बसेन. ठेवणीतले कपडे साध्या मंगळवारीही घालेन. आणि शेवटची ओळ लिहिताना तिचा हात जरा रेंगाळला : दर रविवारी म्पोरोकोसोला यायाला फोन करेन आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ठेवणार नाही.

याया म्हणजे तिची थोरली बहीण फेलिस्टा. तिकडे उत्तरेला, गावात एकटी राही. फोनवर ती कोंबड्यांपासून सुरुवात करी आणि मुद्द्याला यायला अर्धा तास घेई. तोवर एक्झिल्डा "याया, भाजी करपतेय गं" म्हणून फोन ठेवून देई. भाजी बहुतेक वेळा चुलीवर नसेच.

तिच्या शेजारी बाकावर लॅक्सन जेरे बसला होता. घरही शेजारीच, मध्ये फक्त कुंपण. आयुष्यभर त्याने खाणीत माणसं खाली-वर नेणाऱ्या पाळण्याचं यंत्र चालवलं होतं. जेरे न्गोनी जमातीचा, ही बेंबा जमातीची. कधीकाळी दोघांच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले फेकले. त्याची भरपाई म्हणून पणतवंडांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि कुणी रागवू नये, असा तिकडचा रिवाज. तो रिवाज हे दोघं चोख पाळत.

जेरेने मान लांब करून तिचा कागद पाहिला आणि शाळेतल्या पोरासारखा आपल्या कागदावर उतरवायला घेतला.

"अरे, हे काय चाललंय?" ती कुजबुजली.

"तुम्ही माकडं खाणारी माणसं विचार चांगला करता," जेरे मोठ्याने म्हणाला. तो नेहमीच मोठ्याने बोले. खाणीतून निवृत्त झालेले सगळेच तसे बोलतात. "मला कुठे सुचतंय काही."

"उंदीर खाऊन डोकं चालायचं कसं," एक्झिल्डा म्हणाली. जेरे खूश होऊन हसला आणि पाचवी ओळही जशीच्या तशी उतरवून मोकळा झाला.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट एक्झिल्डाच्या लक्षात आली आणि तिचं डोकं फिरलं. तिचे संकल्प तिच्यापेक्षा जेरेलाच जास्त मानवले होते.

दुपारी ती आंब्याखाली खुर्ची टाके. पाच मिनिटांत फाटक वाजे. गायनमंडळाची सेक्रेटरी प्रिस्का येई आणि स्वतःचा रक्तदाब मोजून घेई. मग कुणी तरी बाळाच्या अंगावरचं पुरळ दाखवायला येई. कुंपणापलीकडे जेरे आपल्या आंब्याखाली हात पोटावर बांधून बसलेला असे. हाका मारल्या तरी डोळे उघडत नसे, त्यामुळे त्याच्याकडे कुणी जातच नसे. तासाभराने तो उठे, आळस देई आणि कुंपणावरून विचारी, "कलुबाची आई, आज किती मिनिटं झाली?"

मंगळवारी तो लग्नाचा करडा सूट आणि लाल टाय घालून मिरच्या आणायला बाजारात गेला. बाजारातल्या बायकांनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि कुणाच्या मयताला निघालात म्हणून चौकशी केली. "मंगळवारच्या," तो म्हणाला. एक्झिल्डाने त्याच दिवशी आपलं हिरवं ठेवणीतलं चितेंगे, कमरेला गुंडाळायचं छापील वस्त्र, काढलं होतं. पण ते नेसायच्या आत कुणाच्या तरी सुनेला कळा सुरू झाल्या आणि ती जुन्याच फडक्यात धावली.

रविवारी ती चुलीपाशी मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती. न्शिमा घोटताना माणसाला इकडेतिकडे बघता येत नाही. जेरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"कलुबाची आई, तुझा फोन जरा बघू, मला त्यातला एक नंबर—"

"हो, घे, घे, तिथे फडताळावर आहे."

फोन परत जागेवर ठेवून तो गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण पूर्ण ऐकलं नाही. कसला नंबर, ते तिला त्याच संध्याकाळी कळलं. तिने यायाला फोन लावला तर तो व्यस्त. दहा मिनिटांनी व्यस्त. तासाभराने लागला तेव्हा याया म्हणाली, "आज माझं सगळं बोलून झालं गं. तुझ्या शेजारचे जेरे फार सज्जन गृहस्थ आहेत. मध्ये एक शब्द बोलत नाहीत. ठेव तू, तुझी भाजी करपेल."

एक्झिल्डा तशीच कुंपणापाशी गेली.

"जेरे, तू माझ्या बहिणीला फोन केलास?"

जेरेने खिशातून कागद काढला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. म्पोरोकोसोला यायाला. आता म्पोरोकोसोत माझं कुणी नाही. मग कुणाला करायचा? तुझ्याच यायाला करायला हवा ना. पाळकांना डिसेंबरात काय उत्तर देऊ?"

थट्टेच्या नात्यात रागवायची सोय नाही. तिने त्याला उंदरांवरून तीन-चार वाक्यं ऐकवली. त्याने माकडांवरून चार परत केली. ती घरात येऊन पातेल्यापाशी उभ्यानेच जेवली.

पुढचे तीन रविवार असंच झालं. ती फोन उचले तेव्हा पलीकडे जेरेचा आवाज कुंपणावरून ऐकू येत असे. "बरं." मग बऱ्याच वेळाने, "अस्सं." मग, "पुढे?" एकदा तर तो सव्वा तास नुसता "बरं" म्हणत अंगणात फेऱ्या मारत होता. एक्झिल्डा खिडकीआडून बघत राहिली. आपण मत्सर करतोय, तोही आपल्याच बहिणीच्या कोंबड्यांच्या गोष्टींवरून, हे तिला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जेरेने कुंपणावरून बातमी दिली. "फेलिस्टा येतेय. शुक्रवारच्या बसने."

"इथे? माझ्याकडे? मला नाही सांगितलं ते?"

"मला सांगितलं ना. एन्डोलाला सोहळा आहे म्हणे तिचा."

"सोहळा? कसला सोहळा?"

"ते मी विचारलं नाही. ऐकायचं असतं, मध्ये तोंड घालायचं नाही. म्हणाली, एकटीला भीती वाटते, तुम्ही बरोबर असलात तर धीर येईल." जेरेने टाय नसलेल्या गळ्यापाशी टाय सारखा केल्यासारखं केलं. "सूट इस्त्रीला टाकलाय."

एक्झिल्डा घरात आली. अडुसष्ट वर्षांची विधवा बाई, एन्डोलाला सोहळा, भीती वाटते, बरोबर तुम्ही. तिने लुसाकाला कलुबाला फोन लावला.

"तुझी थोरली मावशी लग्न करतेय."

"कुणाशी?"

"शेजारच्या जेरेशी. निदान मला तरी तसं वाटतंय."

कलुबा इतकी हसली की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. परत उचलून म्हणाली, "अगं, मग मावशीला सरळ विचार ना."

"मी का विचारू? तिने मला सांगायला नको?"

"आई, तू तिला कधी सांगू दिलंस?"

एक्झिल्डाने फोन ठेवला. भाजीचं नावही न घेता ठेवला. पण ते तीन दिवस तिचं कशात लक्ष लागलं नाही. तिने खोली झाडली, पलंगावर नवी चादर घातली, शेंगदाण्याचं कूट घालून पालेभाजी करायची तयारी केली. आणि मनात एक लांबलचक भाषण तयार केलं. त्यात पहिलं वाक्य होतं, "याया, मी तुझी सख्खी बहीण आहे."

शुक्रवारी सकाळी ती आणि सुटातला जेरे बसस्थानकावर उभे होते. बस आली. माणसं उतरली, गाठोडी उतरली, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या उतरल्या आणि त्यांच्या मागे फेलिस्टा आली. ती दाराच्या दांडीला धरून, एका पायाने खालची पायरी चाचपत उतरली. जमिनीवर आल्यावर ती थेट समोर गेली आणि मोबाइलची कार्डं विकणाऱ्या एका अनोळखी माणसापुढे गुडघे किंचित वाकवून, टाळ्या वाजवून तिने आदराने म्हटलं, "जेरे, बरे आहात ना?"

कार्डवाल्याने शहाणपणाने टाळ्या वाजवून नमस्कार परत केला.

एक्झिल्डाचं भाषण तिथेच विरून गेलं. तिने यायाचे दोन्ही खांदे धरले, तिला उजेडाकडे वळवलं आणि हनुवटी वर उचलली. उजव्या बुबुळावर तांदळाच्या पेजेसारखी पांढरी साय होती. डाव्यावरही धरायला लागलेली.

"कधीपासून, याया?"

"दोन वर्षं झाली असतील. आता जेवणात काय वाढलंय तेही हाताने बघावं लागतं." फेलिस्टाने बहिणीचा हात चाचपला. "तुला सांगतच होते मी. कोंबड्या मोजता येईनाशा झाल्या तेव्हापासून सांगतेय. तू ऐकायचीस कोंबड्यांपर्यंतच."

एकतीस वर्षं गावातल्या लोकांच्या पापण्या तिने उलटून पाहिल्या होत्या. आता ती यायाच्या चितेंग्याचं टोक विनाकारण सारखं करत राहिली.

"पण मग सोहळा?" अखेर तिने विचारलं.

"कसला सोहळा? डोळा म्हणाले मी. एन्डोलाच्या इस्पितळात डोळा. सोमवारची तारीख दिलीय."

दोघी जेरेकडे वळल्या. जेरे प्रसन्नपणे हसत होता. "प्रवास छान झाला असेल," तो म्हणाला.

"जेरे," एक्झिल्डा त्याच्या कानापाशी जाऊन हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या डोक्यावर घार बसलीय."

"हो, हो, उकाडा फार आहे," जेरे म्हणाला.

एवढ्या वर्षांत तिला हे कळलं नव्हतं. त्याला टोमणा मारला की तो टोमणा परत करी. थट्टेत काय, समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की आपण सुरू करायचं. त्यासाठी ऐकू यावं लागत नाही. बाकीचं तो ओठ बघून आणि अंदाजाने जुळवी. यंत्राच्या घरघरीने त्याचे कान कधीचे गेले होते आणि ती गोष्ट त्याने मोठ्या आवाजाखाली लपवली होती.

"तुला कळलं नाही का गं, त्याला ऐकू येत नाही ते?" तिने यायाला विचारलं.

"पहिल्याच रविवारी कळलं. मी विचारलं, तिकडे पाऊस आहे का? तर म्हणाले, नाही, तो तर केव्हाच वारला."

"आणि तरी दर रविवारी बोलत बसलीस?"

"ते ठेवत नव्हते ना," फेलिस्टा म्हणाली.

रविवारी चर्च सुटल्यावर प्रिस्का घरी आली. सोमवारी एका लग्नाच्या मेजवानीची बैठक होती आणि एक्झिल्डाशिवाय ती होणं शक्य नव्हतं. एक्झिल्डा तिच्यासमोर हात बांधून बसली आणि तिने सगळं ऐकलं. नवरीच्या आत्याचं रुसणं, भांड्यांची यादी, गेल्या वेळचा गोंधळ, सगळं. प्रिस्का बोलता बोलता अस्वस्थ व्हायला लागली, कारण इतकं कुणी तिला कधी बोलू दिलं नव्हतं. बोलणं पुरतं संपल्यावर एक्झिल्डा म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "पाणी देऊ?"

सोमवारी तिघं एन्डोलाला गेली. फेलिस्टाला मोतीबिंदू काढायला आत नेल्यावर एक्झिल्डाने तिथल्या ओळखीच्या एका नर्सला गाठलं आणि दूरवर बाकावर बसलेल्या जेरेकडे बोट दाखवून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. नर्स जेरेपाशी गेली, काहीबाही बोलली. तो नेहमीप्रमाणे "बरं, बरं" म्हणाला आणि तिच्यामागे कानांच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसला. आपण कशाला हो म्हटलं ते त्याला पिचकारीचं कोमट पाणी कानात गेल्यावर कळलं.

दोन्ही कानांतून इतका मळ निघाला की नर्सने तो आणखी दोन नर्सना बोलावून दाखवला. गेलेलं सगळं परत आलं नाही, पण अर्धंमुर्धं आलं. जेरे बाहेर आला तो भिंतीला हात लावत, प्रत्येक आवाजाला दचकत. परतीच्या बसमध्ये फेलिस्टा एका डोळ्यावर पट्टी बांधून बोलत होती. कोंबड्या, मग शेजारणीची शेळी, मग शेजारणीच्या शेळीने खाल्लेली रताळ्याची वेल. जेरेने वीसेक मिनिटं ऐकलं, मग एक्झिल्डाकडे झुकून आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला.

"ही नेहमीच इतकं बोलते?"

"हो."

"आणि मी एवढे रविवार..."

"सव्वा-सव्वा तास," एक्झिल्डा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर फेलिस्टाने आधी बहिणीला पाहिलं आणि "म्हातारी झालीस गं" म्हणाली. मग जेरेला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि काहीच बोलली नाही, याचं जेरेला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख एप्रिलातली मिळाली. तोवर परत जाऊन यायचं तर रस्त्यातच जीव जाईल, असं एक्झिल्डा म्हणाली, आणि फेलिस्टाने लगेच मान्य केलं, कारण तिच्या कोंबड्यांना लुआन्श्या मानवलं होतं. आता दुपारी आंब्याखाली दोन खुर्च्या असतात. तासभर काहीही न करण्याचा बेत पार मोडला आहे. फेलिस्टा सांगत असते, एक्झिल्डा ऐकत असते, आणि ऐकता ऐकता तिला कळून चुकलं आहे की शेळीची गोष्ट खरोखरच कंटाळवाणी आहे. तिला शेवट नाही, मध्यही नाही. गेल्या गुरुवारी ती पाचव्यांदा सुरू झाली, तेव्हा एक्झिल्डाने शेंगांची सुपली मांडीवर घेतली आणि सोलता सोलता विचारलं, "पण याया, वेल कुठल्या बाजूने खाल्ली तिने?"

फेलिस्टाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.