वैजापूरची ठुशी

औरंगपुऱ्यात दागिने ओवणारे हात पुष्कळ. नाव असतं ते दुकानाचं. फहमिदानं कित्येक वर्षं एका सेठच्या माडीवर बसून ठुश्या गुंफल्या आणि बायकांनी त्या 'सेठची ठुशी' म्हणून मिरवल्या. मागल्या साली तिनं बोळात स्वतःचा गाळा घेतला. नवरा मुबारक म्हणाला, पाटीवर नाव जरा बारीक लिहू. तिनं पेंटरला अक्षरं आणखी मोठी करायला लावली.

पाटी मोठी झाली, तरी लग्नाची गिऱ्हाइकं सेठकडंच जात. पहिली मागणी आली ती वैजापूरच्या दगडाबाईंची, नात श्रेयाच्या ठुशीची. फहमिदानं मनातल्या मनात जमाखर्च मांडला: वऱ्हाडातल्या बायका, त्यांच्या जावा, जावांच्या लेकी. एक गळा नीट सजला की अर्धा तालुका बोळात.

तोच गळा आज तिच्यासमोर होता आणि ठुशी हाराची ऐट करत खाली घसरली होती. हळद उद्यावर.

"तू धाडलेल्या फोटोत तर लई घट्ट दिसत होती," दगडाबाई म्हणाल्या.

श्रेया पुण्यात नोकरी करणारी. तिला घाई. "आजी, मोठ्या दुकानातून तयार घेऊ ना."

फहमिदानं मागची दोरी ओढली. दोन्ही टोकं एकमेकांवर चढली, तरी ठुशी ढिलीच. "आजी, तुम्ही मापाला धागा दिला होता. माप कसं घेतलं?"

"माझ्याच गळ्यावर. पोरगी पुण्याला. अन् तिचा गळा माझ्यावर गेलाय, समदे म्हणतात."

"पदर डोक्यावरच होता?"

"मग? थोरले दीर बसले होते समोर. काढू व्हय पदर?"

श्रेयानं कपाळाला हात लावला. नातीच्या ठुशीत आजीचा पदरही मोजला गेला होता, तोही नऊवारीचा, चांगला जाडजूड. फहमिदाला हसू आलं. पण गिऱ्हाइकासमोर हसणं म्हणजे खर्च. तिनं तो टाळला. चूक सरळ आजींची होती. पण मांडवात पदराचं कोण विचारतंय? ढिली ठुशी कुणी केली, एवढंच विचारणार.

मुबारक हळूच म्हणाला, "पीछे हूक लगा दे. कौन देखता?"

"नवरीला अंबाडा घालतात. समदी मान उघडी," ती म्हणाली आणि तिनं कात्री उचलली.

दगडाबाईंनी तिचा हात धरला. "लग्नाचा दागिना हाये, पोरी. अन् कात्री?"

"तोडत नाय, आजी. वाढवते."

अशा घरांत बांगडी फुटत नाही, वाढते. दागिना तोडत नाहीत, वाढवतात. हे फहमिदाकडं आईकडून आलेलं, दोऱ्याच्या रिळांसकट. दगडाबाईंचा हात सुटला.

तिनं आधी श्रेयाच्या उघड्या गळ्याचं माप घेतलं. मग दोरा पायाच्या अंगठ्याला ताणून ती ओवायला बसली. मुबारकनं चहा आणला, तो तिच्यापुढं निवला. मणी मण्याला असा खेटत गेला की मधून सुईही जाऊ नये. घाईची श्रेया मोबाइल ठेवून बघतच राहिली.

उरलेले मणी फहमिदानं पुडीत बांधून दगडाबाईंच्या हातात दिले. "हे तुमच्या पदराचे."

दगडाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

श्रेयानं ठुशी घातली. मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. ठुशी जागची हलली नाही.

"श्वास घेता येतो?"

"येतो."

"मग बरोबर."

निघता निघता दगडाबाईंचा फोन वाजला. वैजापूरहून जाऊबाई होत्या, आवाज बोळभर.

"बसली, बसली. लई झ्याक," दगडाबाई ओरडून सांगत होत्या. "आँ? नाय बाई, कोणच्या सेठची नाय. फहमिदाची हाये. फ-ह-मि-दा. तुझ्या नातीचं ठरलं की सांग, मी घेऊन येते तिच्याकडं."

मुबारकनं बायकोकडं पाहिलं. ती गंभीर चेहऱ्यानं कात्री शोधत होती. कात्री तिच्या हातातच होती.