बिनपट्टीची चिठ्ठी

अभय सरांचा आवडता शब्द म्हणजे 'वगळा'. आकडा आडवा आला की वगळा. त्या दिवशी त्यांना एक अख्खी वस्ती वगळायची होती, आणि तीही माझ्या सहीनं.

हिंजवडीतल्या संशोधन संस्थेत मी आकडेवारीचं काम बघते आणि अभय सर माझे प्रमुख. दोन वर्षं आम्ही एका कंपनीच्या औषधी पट्टीची चाचणी घेत होतो. पट्टी भिंतीला लावायची, तिच्या वासानं डास पळतात आणि डेंग्यू कमी होतो, असा कंपनीचा दावा. बिबवेवाडीच्या आसपासच्या वीस वस्त्या घेतल्या. दहांत पट्टी, दहांत नाही. बिनपट्टीच्या वस्त्यांत नेहमी जे चालतं ते चालू द्यायचं आणि शेवटी दोन्हीकडचे रुग्ण मोजायचे.

कुठल्या वस्तीला पट्टी, हे कॉम्प्युटरवर ठरवता आलं असतं. पण आपल्याला मुद्दाम डावललं असं कुणाला वाटू नये, म्हणून समाजमंदिरात सगळ्यांसमोर, भिशीच्या काढतात तशा स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. दर आठवड्याला घरोघर जाऊन ड्रममधल्या डासांच्या अळ्या मोजायला त्या त्या वस्तीतलीच एक बाई नेमली होती, कारण परक्या माणसाला कुणी दार उघडत नाही. ही हुशारी माझी. त्याच बाईनं आपल्या वस्तीची चिठ्ठी काढायची, ही हुशारीही माझीच.

चौदा नंबरच्या वस्तीची चिठ्ठी वेणूबाईंनी काढली. बिनपट्टीची निघाली.

दोन वर्षांनी हिशेब जमला. पट्टीच्या वस्त्यांत पंधरा ते अठरा रुग्ण. बिनपट्टीच्या बाकी नऊ वस्त्यांत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस. चौदा नंबरात दोन, आणि तेही पहिल्याच महिन्यातले. माणसं हजारो असली तरी चिठ्ठ्या वीसच निघाल्या होत्या, त्यामुळे एक वस्ती हलली की सगळा निकाल हलतो. चौदा नंबर धरला, तर पट्टीचा फायदा हा निव्वळ योगायोग असू शकतो. चौदा नंबर काढला, तर पट्टी जिंकते.

सरांनी वेणूबाईंना बोलावून घेतलं. दोन बस बदलून, दीड तास उभ्यानं प्रवास करून बाई आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"ड्रम रिकामे करत होता?" सरांनी विचारलं.

"करत होते की. दर रविवारी. काथ्यानं घासून."

"सूचना काय होती?"

सूचना मला पाठ होती, कारण लिहिली मीच होती. 'अळ्या मोजाव्यात. भांडी रिकामी करू नयेत.'

"वाचली होती ताई," वेणूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "पर चिठ्ठी माझ्या हातानं निघाली ना. बाया म्हणल्या, वेणू, तुझ्याच हाताला काय झालतं? तरी तीन आठवडे ऐकलं मी तुमचं. मग शेजारच्या शकूची पोरगी तापानं गेली. तिच्या ड्रमात चाळीस अळ्या मोजल्या होत्या मी. मोजल्या, वहीत लिहिल्या, झाकण ठेवलं न् घरी आले."

मला वेणूबाईंकडे बघवेना. सरांना बघवत होतं. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. वेणूबाईंनी वहीत खोट्या नोंदी केल्या, सबब चौदा नंबरची वस्ती निकालातून वगळावी. वेणूबाईंची सही इथे, माझी तिथे.

माझं डोकं फिरलं.

"खोट्या? सर, ती वही मी तपासली आहे. चाळीस, मग एकतीस, मग सहा, मग शून्य. इतकी खरी वही पंधरा वर्षांत माझ्यासमोर आलेली नाही."

"दीक्षा, भावनिक होऊ नकोस. बाईंनी चाचणी नासवली."

"तुमची पट्टी काथ्याच्या पुंजक्यापुढे फिकी पडली, हे दुखतंय तुम्हाला! चिठ्ठीत ज्या गटात निघाली त्याच गटात वस्ती मोजायची, मध्ये काहीही होवो, असं आपणच लिहून दिलंय. खाली तुमची झोकदार सही आहे. विसरलात?"

"प्रॅक्टिकल हो जरा. पुढचं काम याच कंपनीकडून येणार आहे."

"मग त्यांच्याकडूनच सही आणा."

वेणूबाईंनी मधेच टेबलावरचं पेन उचललं. "भांडू नका ओ माझ्यापायी. कुठं करायची सही? फकस्त कामावरून काढू नका."

स्वतःला खोटारडी म्हणवून घ्यायला ती बाई तयार होती. मी तो कागद ओढून घेतला आणि फाडला. चार तुकडे केले, मग आठ. खरं सांगते, बरं वाटत होतं. मी कुणीतरी फार मोठी न्यायी बाई आहे, असं वाटत होतं.

"ताई, एक विचारू का?" वेणूबाईंनी पेन जागेवर ठेवलं. "बाकीच्या नऊ वस्त्यांतल्या बायांनी न्हाई ओतलं पाणी?"

"नाही."

"का बरं? त्यांनाबी अळ्या दिसत असतील की."

उत्तर अभय सरांनी दिलं, अगदी शांतपणे, कागदाचे तुकडे गोळा करता करता.

"त्यांनी दीक्षा मॅडमच्या सूचना पाळल्या."

दोन वर्षांत त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. इतका वेळ मी ज्याच्यावर तोंडसुख घेत होते, त्यानं निदान नंतर लबाडी केली होती. मी तर पाणी ओतू नका हे आधीच नीट, मुद्देसूद लिहून दिलं होतं.

वेणूबाई पिशवी उचलून निघाल्या, परतीची बस गाठायची होती.

मी अहवाल उघडला. वीसच्या वीस वस्त्या धरल्या. पट्टीचा फायदा सिद्ध होत नाही, असं लिहिलं. शेवटी नियम मोडल्याच्या नोंदींचं पान होतं, तिथे भरलं:

'वस्ती क्रमांक चौदा. सूचना मोडली. मृत्यू एक, सूचना मोडण्याआधी. बिनपट्टीच्या उरलेल्या नऊ वस्त्या. सूचना तंतोतंत पाळली. मृत्यू चार. सूचना लिहिणारी मी.'

आणि खाली सही केली.