मुका मार

भगवंतशास्त्र्यांनी मनकर्णेच्या उजव्या तळहातावर कापसाचं एक फुटलेलं बोंड ठेवलं.

"मूठ मीट, मुली."

मूठ मिटली नाही. बोंड तिच्या मांडीवर पडलं. शास्त्र्यांनी ते पुन्हा ठेवलं, ते पुन्हा पडलं. मग त्यांनी नाडी पाहिली, नखं दाबली, कोपर आणि खांदा चाचपला. हात उबदार होता, नखं गुलाबी होती, हाड न् हाड जागेवर होतं. फक्त तो हलत नव्हता, आणि सारखा ठणकत होता.

बाहेर अमरावतीच्या त्या गल्लीत खुशाल नावाचा तिचा नवरा कापसाच्या गाडीपाशी उभा होता. समुद्रापल्याड कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलानं जात होता. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. वेचणाऱ्या हाताला एवढी किंमत कधीच आली नव्हती, आणि नेमका त्याच वर्षी मनकर्णेचा हात बसला होता.

"हात धड आहे," शास्त्री म्हणाले.

"मी तेच म्हनून रायली," सासू मैनाबाई म्हणाली. "सोंग हाय, बुवा."

"सोंग नाही. धड हातही दुखतो. मुका मार आहे हा. कधी लागला?"

मैनाबाई पदर सावरत उठलीच. "आमच्या घरी सुनेवर कोनी हात नाई टाकत! इचारा तिले!"

"कुणी मारलं असं नाही म्हटलं मी, बाई. मुका मार. वळ उठत नाही, रक्त येत नाही. ज्याला लागतो त्यालाही कधी कधी कळत नाही, कुठे लागला." ते मनकर्णेकडं वळले. "पडली होतीस का कुठे?"

"नाई जी."

शास्त्र्यांनी उपाय सांगितला तो असा. सरकी तव्यावर तापवायची, फडक्यात बांधायची आणि रोज दुपारच्या जेवणानंतर हात शेकायचा. दुखो की न दुखो. शेकायचं मैनाबाईनं.

"म्या? वेचनीच्या दिवसात?"

"तुम्हीच. 'दुखतं का' असं विचारायचं नाही. भगताकडं न्यायचं नाही, दुसऱ्या वैद्याकडंही नाही. हाताला जमेल तेवढं काम द्यायचं, जमलं नाही तर बोलायचं नाही. आणि दर अवसेला मला दाखवायला आणायचं. बरं वाटलं तरी."

"बरं वाटल्यावर काहून आनाव, बुवा?"

"म्हणजे मला भेटण्यासाठी त्या हाताला दुखावं लागणार नाही."

मैनाबाईला हे काही उमजलं नाही. पण शास्त्र्याचं बोलणं जितकं कमी उमजे, तितकं ती ते जास्त पाळत असे.

दुखतं का, हे विचारायचं नाही म्हटल्यावर सासूसुनेत बोलायला उरतं काय? पहिले काही दिवस मैनाबाई पोटळी फिरवत शेजारच्या पार्वताबाईच्या आटलेल्या गायीवर बोलली, मग पार्वताबाईवर. पंधरवड्यात बोटं वाकायला लागली. एका दुपारी बोंड मुठीत राहिलं. मनकर्णा त्या मुठीकडं बघत बसली, घरी कुणी पाहुणा यावा तशी. कोपर मात्र उठेना.

त्याच दुपारी ती आपणहून सासूशी बोलली.

"मामीजी, माय गेली तवा तोंड उघडून पानी मांगत होती म्हने. लेकीच्याच हातचं पायजे म्हने."

पोटळी थांबली नाही. जरा जोरात फिरू लागली, एवढंच.

शेंदूरजनाघाटच्या माहेराहून आई आजारी असल्याचा निरोप आला होता तेव्हा मनकर्णा शेतात होती, ओटी कापसानं भरलेली. "हातातली पात पुरी कर, मंग जाजो," असं मैनाबाईच म्हणाली होती. ती पात, वेचायला घेतलेली ओळ, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. पुढं वाट दोन मुक्कामांची. मनकर्णा पोचली ती दुपारी; तिरडी सकाळीच उचलली होती. सुतक फिटल्यावर ती परत आली, वेचायला ओटी बांधली, आणि हात खाली गेला तो गेला.

अवस चार दिवसांवर आली तेव्हा खुशाल आईला म्हणाला, "मूर्तिजापूरकडची पोरगी पायली म्या. दोन हातांची हाय."

"आन हे?"

"हिले बापाकडं सोडतो. उद्या जेवल्यावर गाडी जुंपतो. मले वेचाले हात पायजे माय, शेकाले नाई."

हे असं बोलायला त्याला घरातच शिकायला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मनकर्णेचं गाठोडं दाराशी आलं. मैनाबाईनं तरीही सरकी तापवली. रात्रभर रडलेली पोर शेक घेता घेता भिंतीला टेकून झोपली. मैनाबाई पोटळी बाजूला ठेवायला वळली, आणि हात उठला.

आधी मनगट वर आलं. मग कोपर सुटलं. बोटं एकमेकांना चिकटली, तळहाताचा पसा झाला, आणि आतलं पाणी सांडू नये म्हणून जपावं तसा तो पसा हळूहळू पुढं आला. मनकर्णेचे डोळे मिटलेले होते. श्वास झोपेचाच होता. पसा हवेत थांबला, आणि थेंबाथेंबानं कलू लागला.

इतके दिवस ज्याला मैनाबाई मेलेलं लाकूड समजून शेकत होती, त्याला सगळं ठाऊक होतं. धनिणीला न सांगता तो रोज दोन मुक्कामांची वाट चालून तिकडं जात असेल काय?

"माय, गाडी जुंप—" खुशाल दारात थबकला. "उचलते! पाह्य माय, हात उचलते हे! म्हंजे इतके दिवस आपल्याले..."

"चूप. झोपली हाय थे. झोपीत कोनी सोंग करते का रे?"

"पन हात तं—"

"बैल सोड."

तो हलला नाही. मैनाबाईनंही मागं वळून पाहिलं नाही. ती गुडघ्यांवर पुढं सरकली. डोक्यावरचा पदर मागं घसरला तो तिनं सावरला नाही. कललेल्या पशाखाली तिनं तोंड नेलं, आणि उघडलं.

दारातून खुशालला आईचा गळा हललेला दिसला.